बोलकी फळी

मावशी ज्या दुकानात कामाला होती, तिथंच भाचा संशोधनाला आला, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. बहिणीच्या मागे तिनंच त्याला वाढवला होता. पूर्वी दुकानात जिन्नस मागावा लागे, काउंटरपलीकडची बाई काढून देई. मावशी त्या काळातली. पुढे माल उघड्या फळ्यांवर आला, ती फळ्यांपाशी उभी राहू लागली, तरी तिची गिऱ्हाइकाशी बोलायची सवय गेली नाही.

"एका वस्तूची जितकी पाकिटं समोर दिसतात, तितकी तिची तोंडं," भाच्यानं समजावलं. "या नव्या साबणाला दोनाऐवजी सहा तोंडं दिली तर खप किती वाढतो, ते बघायचंय."

"आमच्या आक्काला एकच तोंड, पण सहा साबणांना भारी," शेजारच्या फळ्यांपाशी उभी राहणारी बडबडी मावशीकडे बोट दाखवत म्हणाली.

"तू गप गं," मावशी म्हणाली. " तू बोललीस की गिऱ्हाइकाची आंघोळ तिथंच होते."

पहिल्या आठवड्यात त्या साबणाकडे कुणी ढुंकून बघेना. भाच्याचं जेवणातलं लक्ष उडालं. मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला हळूच म्हणू लागली, "हा न्या, अंगाला मऊ आहे." माणसं तिला वर्षानुवर्षं ओळखत होती. साबण हातोहात जाऊ लागला. भाच्याला सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. औषधात मध घालताना पोराला कुणी सांगतं का?

निष्कर्ष निघाला : मांडणी नेमकी असली की फळी स्वतःच विकते. मालकांना तो पटला. सगळ्या शाखांत तशीच मांडणी होणार, आणि फळ्यांपाशी उभं राहणाऱ्या बायका आता नकोत, असं व्यवस्थापकानं सांगितलं. बडबडी तेव्हा पहिल्यांदा गप्प झाली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या जिवावर.

घरी जेवताना मावशीनं भाच्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"कुणाकुणाला म्हणालीस?"

"येईल त्याला. तुझा उतरलेला चेहरा बघवेना."

"हे बाहेर पडलं तर मी संपलो, मावशी. या कामावरच नोकरी मिळालीय."

"आणि बडबडीचं काय?"

"मिळेल तिला दुसरीकडे काहीतरी."

"कुठे?"

तो हात धुवायला उठला.

मावशीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती व्यवस्थापकाच्या खोलीत गेली आणि भाच्याचा साबण कुणी खपवला ते तिनं स्पष्ट सांगितलं. व्यवस्थापकानं ऐकून घेतलं, अगदी खुर्ची देऊन.

"बाई," तो म्हणाला, "जाताना प्रत्येकीला वाटतं, माझ्यामुळेच खपत होतं."

पोर वाचलं, म्हणून तिला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली.

दाराबाहेर बडबडी पिशवी घेऊन उभी होती. "काय म्हणाला गं?"

मावशीला तिच्याकडे बघवेना. तिनं पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला आणि दोघी जिना उतरू लागल्या.