ढगाची वाट अडवणारी झाडं

चार वाजले की खिंडीखालच्या मैदानात मुंगीलाही शिरायला जागा नसे. गावात नव्यानं आलेले एक बाबा दगडावर चढत, डोळे मिटत आणि हात उंचावून गरजत, "ये गं माये!" आणि खरंच माथ्यावर पांढराशुभ्र ढग चढून येई, थोडा खाली उतरे आणि विरून जाई. लोक हात जोडत. माझी थोरली बहीण तर ढसाढसा रडे.

मी बस चालवतो. समुद्राकडून निघून खिंड ओलांडतो आणि ताईच्या गावी येतो. पलीकडे सगळं हिरवंगार, शेवाळानं निसरडं. खिंड मागे पडली की दहा मिनिटांत काचेवर धूळ. हा चारचा ढग मी बावीस वर्षं बघतोय, तेव्हा बाबा कुठे होते कोण जाणे. पण ड्रायव्हरचं ऐकतो कोण?

"माय यायला तयार आहे," बाबा सांगत. "पण खिंडीतली झाडं तिला अडवून धरतात. वाट मोकळी करा, धो धो कोसळेल!"

कुऱ्हाडी निघाल्या. गावाला एकच झरा, त्यावर ताईचा भाजीचा मळा आणि त्या मळ्यावर तिचं घर चाले. पाऊस आला तर मळा दुप्पट होईल, या आशेनं तीही झाडं तोडायला गेली.

आडव्या आल्या त्या फक्त शाळेतल्या भूगोलाच्या बाई. एका दुपारी त्यांनी बाबांना चहाला बोलावलं आणि त्यांचीच इतकी स्तुती केली, की बाबांना वेळेचं भान राहिलं नाही. चार वाजले. दगड रिकामा, आणि माथ्यावर ढग हजर.

"बघा!" बाई मैदानात येऊन म्हणाल्या. "समुद्राचा ओला वारा दुपारी डोंगर चढतो, वर गार होतो, त्याचा ढग होतो. इकडे उतरताना तो वारा तापतो, ढग विरतो. झाडं तोडून काही तो खाली येणार नाही."

"बाबांनी मनातल्या मनात हात वर केला असेल," ताई म्हणाली. सगळ्यांना ते लगेच पटलं.

बाईंनी मग एक टॉवेल खिंडीत फांदीला बांधला, दुसरा गावात दोरीवर टाकला. संध्याकाळी गावातला कोरडा ठणठणीत, खिंडीतला पिळला तर वाटीभर पाणी. "झाडं ढगातलं पाणी असंच टिपून जमिनीत सोडतात. तेच तुमच्या झऱ्याला येतं. उरलेली चाळीस तरी ठेवा!"

ती वाटी मी ताईपुढे धरली. तिनं त्यात बोट बुडवून पाहिलं. "अरे, एवढी पाडली," ती म्हणाली, "आता चाळिसांसाठी काम अर्धवट कसं सोडायचं?"

शेवटचं झाड पडलं त्या दिवशीही ढग चारला आला, उतरला आणि विरला. त्याच आठवड्यात बाबा माझ्याच बसनं गेले. पुढच्या सीटवर घोरत होते. मी त्यांना एका शब्दानं जाब विचारला नाही, याची मला अजून लाज वाटते.

झरा आधी करंगळीएवढा झाला, मग ठिबकू लागला, मग आटला. ताईचा मळा वाळून गेला. बाई खिंडीत रोपं लावतात, एकट्याच. ती जगतील असं त्यांनाही वाटत नाही.

परवा ताई बसमध्ये चढली. मला वाटलं, कायमची निघाली. ती म्हणाली, "बाबा कुठल्या थांब्यावर उतरले रे? त्यांना परत आणायचंय."

मी थांबा सांगितला नाही. तुम्हाला मात्र सांगतो: कोणी चार वाजता हात वर करून ढग आणत असेल, तर त्याला आधी सकाळी दहाला आणायला सांगा. कुऱ्हाड त्यानंतर उचला.