थोरला लाकडाचा, धाकटा गादीचा

ठकीला घरात ठकी म्हणत, कारण लहानपणी बसवाल तिथे ती लाकडी बाहुलीसारखी गप्प बसून राहायची. आता चाळिशी आली, चष्मा लागला, पण नाव काही सुटलं नाही. ती लोकांना वेबसाइट बनवून द्यायची. आधी एका कंपनीत होती, मग ती नोकरी सोडून स्वतःच कामं घेऊ लागली. तिच्या खोलीत खिडकीशी एक लांब टेबल, त्यावर दोन स्क्रीन, आणि मागे मेणबत्तीच्या आकाराचा एक दिवा, जो फक्त ग्राहकांशी कॅमेऱ्यावर बोलताना लागायचा. लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. वडील गेल्यावर आई राहायला आली आणि दोघींचं बरं चाललं होतं.

आई निवृत्त नर्स. उभा जन्म वॉर्डात गेल्यामुळे घराबाहेर जाऊन, उभं राहून केलं तेच काम, असा तिचा पक्का समज. ठकी एखाद्या पानावरच्या अक्षरांची मापं जुळवत बसलेली असली की आतून हाक यायची, "ठके, बसलीच आहेस तर कपडे काढून आण." शेजारीण चौकशी करायची तेव्हा आई "ती घरीच असते" असं सांगायची. न उतरणाऱ्या तापाबद्दल सांगावं, तशा आवाजात.

एके दिवशी सोफे-खुर्च्यांच्या गाद्या शिवणारा एक माणूस घरी आला. बुटका, हसतमुख, बोटांच्या टोकांना सुयांनी घट्टे पडलेले. नवं दुकान टाकलं होतं, वेबसाइट हवी होती. त्याने खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. एका दुकानाच्या दारात दोन तरुण उभे, आणि उंच तरुणाचा हात बुटक्याच्या खांद्यावर.

"बुटका तो मी," तो म्हणाला. "दुसऱ्याला काढून टाका."

"कोण आहेत ते?"

"जुन्या दुकानातला आहे एक," तो म्हणाला आणि कापडांच्या नमुन्यांविषयी बोलू लागला.

ठकीने जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानात जाऊन आली. कापडाचे तागे भिंतीला उभे लावलेले, मधोमध शिलाई मशीन, कोपऱ्यात आतडी बाहेर काढल्यासारखा एक सोफा, स्प्रिंगा मोकळ्या. तो त्या स्प्रिंगा दोरीने बांधत होता आणि प्रत्येक गाठ मारून झाली की तळहाताने दाबून बघत होता, पोट तपासणाऱ्या डॉक्टरसारखा. ठकीने पुष्कळ फोटो घेतले.

ते काम अर्ध्यावर आलं असताना एका सुताराचा फोन आला. मोडक्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करतो, मलाही वेबसाइट पाहिजे, म्हणाला. ठकी त्याच्या दुकानात गेली. ताज्या भुशाचा वास, भिंतीवर लहानापासून मोठीपर्यंत ओळीने लावलेल्या पटाश्या, आणि त्यांच्या वर, चौकटीत, तोच फोटो. ठकीने फोटोकडे पाहिलं, मग सुताराकडे. तोच उंच माणूस, फक्त केस पांढरे झालेले.

"हे बाजूला कोण?" तिने विचारलं.

"धाकटा भाऊ," सुतार म्हणाला. "पण वेबसाइटवर तो नको. मी एकटाच घ्या."

आता इकडे आड तिकडे विहीर. गप्प राहून दोन्ही कामं करता आली असती, पण ठकीला ते जमणारं नव्हतं. तिने सरळ सांगितलं, "तुमच्या भावाचंही काम माझ्याकडेच आहे. चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसऱ्या कुणाचं नाव देते."

सुताराने हातातला रंधा खाली ठेवला. जरा वेळ तो रंध्याच्या पात्यावर फुंकर घालत राहिला. "मग त्याच्यापेक्षा चांगलं करा," तो म्हणाला.

संध्याकाळी तिने धाकट्यालाही फोन करून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "त्याच्या आधी माझी सुरू झाली पाहिजे."

"सख्खे भाऊ, पक्के वैरी," आईने आतून निकाल दिला. सगळे फोन ती ऐकायचीच.

ठकीने धाकट्याच्या फोटोतून थोरल्याला काढलं. पण खांद्यावरची बोटं राहिली. धाकट्याने ती बघून कळवलं, हातही काढा. हेही काही अवघड काम नव्हतं. तिने शर्टाचं कापड बोटांच्या जागी ओढून घेतलं, शिवण जुळवली, सावली दिली. कुणालाही कळलं नसतं. फोटो पाठवून ती दुसऱ्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. धाकटा होता. ठकी कॅमेऱ्यावर एका ग्राहकाशी बोलत होती, म्हणून आईनेच त्याला आत बसवलं आणि चहा दिला. ठकी मोकळी होऊन आली तेव्हा तो कप दोन्ही हातांत धरून बसला होता.

"फोटो चांगला झालाय," तो म्हणाला. "पण हात काढल्यावर खांदा पडलेला दिसतो. तुमची चूक नाही. तो हात होता म्हणूनच मी तसा उभा होतो. नकोच तो फोटो."

ठकी काही बोलणार एवढ्यात आईने विचारलं, "भांडण कशावरून झालं?" वॉर्डात तिने आयुष्यभर असंच विचारलं होतं, कुठे दुखतंय, कधीपासून, आणि लोक सांगून टाकायचे. त्यानेही सांगून टाकलं.

दोघं एकाच दुकानात होते, थोरला लाकडाचं बघायचा, धाकटा गादीचं. एक दिवस धाकट्याची बायको डबा द्यायला आलेली असताना एका नव्या गिऱ्हाइकाने धाकट्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? थोरला कामात होता. मान वर न करता म्हणाला, तो आमच्याकडे कामाला असतो.

"भाऊ आहे असं नाही म्हणाला," धाकटा म्हणाला. "बायकोसमोर. मी पुढच्या आठवड्यात मशीन उचलून बाहेर पडलो."

"मग तू त्याला काय म्हणालास?" आईने विचारलं.

"काही नाही."

"का निघालास, हे सांगितलंस?"

"त्याला कळायला नको?"

"अरे, डॉक्टरलासुद्धा सांगावं लागतं कुठे दुखतंय ते," आई म्हणाली. "तो तर सुतार आहे."

धाकटा कसनुसं हसला, चहा संपवला आणि गेला. आईच्या बोलण्याचा काही उपयोग झाला असं वाटलं नाही. त्याच्या वेबसाइटवर फोटोऐवजी स्प्रिंगा बांधणारे हात लागले. ती आधी सुरू झाली. मग थोरल्याचीही झाली. त्याने मात्र स्वतःचा नवा फोटो काढून घेतला, पासपोर्टला काढतात तसा, आणि ठकी नको नको म्हणत असताना कामांच्या यादीत लिहायला लावलं, गाद्याही बसवून मिळतील.

"तुम्ही गाद्या करता?" तिने विचारलं होतं.

"इतकी वर्षं शेजारी बसून बघितलंय," तो म्हणाला होता.

बघणं वेगळं आणि करणं वेगळं. पावसाळा सरता सरता त्याचा फोन आला, आवाज चढलेला. एका बाईने जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या दिल्या होत्या. लाकूड त्याने आरशासारखं करून दिलं, पण गाद्या बसक्या झाल्या आणि बाईने इंटरनेटवर सगळ्यांना वाचता येईल असं लिहिलं, की दिसायला राजाची खुर्ची, बसल्यावर खड्डा.

"ते काढून टाका," तो म्हणाला.

"ते मला काढता येत नाही. पण तुमच्या पानावरून गाद्यांची ओळ काढता येईल."

मग तो म्हणाला, "आणि लोकांनी गादीसाठी जायचं कुठे?"

ठकीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण तिने ते गिळलं.

"त्याचा पत्ता टाका," शेवटी थोरलाच म्हणाला. "त्याच्या वेबसाइटचा."

"त्यांना विचारावं लागेल."

"मग विचारा. मी विचारायला लावलं असं सांगू नका."

ठकीने फोन केला तेव्हा मागे शिलाई मशीन चालू होतं. तिने सांगितलं तसं मशीन थांबलं. कोणी विचारायला लावलं हे तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

"टाकू दे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माझ्याकडे पाय मोडलेले सोफे येतात. मी परत पाठवतो. माझ्या पानावर त्याचा पत्ता टाका."

"काय लिहू?"

"लाकूडकाम: दादा."

"लोकांना कसं कळेल दादा कोण ते?"

"मग थोरले बंधू लिहा." तो पुन्हा थांबला. "नको, दादाच लिहा. कळेल."

दोन्ही पानांच्या तळाशी एकेक ओळ वाढली. एवढ्या लहान कामाचं बिल ठकीने लावलं नाही.

त्यानंतर भाऊ लगेच एकत्र आले, असं काही झालं नाही. दोघं बोलतही नव्हते. फक्त खुर्च्या टेंपोत बसून या दुकानातून त्या दुकानात जाऊ लागल्या. थोरला बैठकीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहायचा, डावा पाय नवा आहे, इथे खिळा मारू नको. धाकटा त्याच्याखाली लिहायचा, मारला नाही. पुढे पुढे मजकूर वाढला. एकदा थोरल्याने लिहिलं, या लाकडाला वाळवी लागलीय, घरी तुझा पलंगही याच लाकडाचा, त्यालाही लागली असेल, बघून घे. हे सगळं धाकटा ठकीला फोनवर सांगायचा, वेबसाइटचं काही विचारायच्या निमित्ताने.

हिवाळ्यात ठकी नव्या कामांचे फोटो काढायला त्याच्या दुकानात गेली होती. सकाळची वेळ, दारातून ऊन आत आलेलं. ती एका आरामखुर्चीच्या हातावर कॅमेरा टेकवत असताना उन्हात सावली पडली. थोरला दारात उभा होता. टेंपो आला नाही म्हणून एक खुर्ची स्वतःच उचलून आणली होती त्याने, आणि धाप लागली होती.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"तिथे," धाकटा म्हणाला.

खुर्ची ठेवून झाली. आता जायचं की थांबायचं, हे थोरल्याला ठरवता येत नव्हतं. तो भिंतीकडचे तागे बघू लागला. ठकीने कॅमेरा आवरायला घेतला, तेवढ्यात धाकटा खाली बघतच बोलला.

"दादा, तू त्या गिऱ्हाइकाला सांगितलंस, तो आमच्याकडे कामाला असतो."

"कुणाला?"

"ती कपाटवाली बाई. ही डबा घेऊन आली होती तेव्हा."

थोरला आठवू लागला. कपाळाला आठ्या पडल्या. तो खरंच शोधत होता, हे ठकीला दिसत होतं, आणि त्याला काही सापडत नव्हतं हेही दिसत होतं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने हातातली सुई कापडात खोचली.

"पण म्हटलं असेन," थोरला म्हणाला. "माझ्या जिभेला हाड नाही, बाबाही म्हणायचे. त्यासाठी गेलास?"

"हो."

"मला वाटलं, तुला दुकान मोठं करायचं होतं आणि मी अडसर होतो." तो आणलेल्या खुर्चीवरच बसला, तिला अजून गादी नव्हती, नुसत्या पट्ट्या. "सगळ्यांना तसंच सांगितलं मी. चुकलं माझं. दोन्ही चुकलं."

धाकटा म्हणाला, "ऊठ, पट्ट्या ताणतील." आणि आतून दुसरी, गादीची खुर्ची आणून त्याच्यापुढे ठेवली.

ठकी निघाली तेव्हा दोघं वाळवीवर बोलत होते. दुकानं पुढेही वेगळीच राहिली. थोरला लाकडाचा, धाकटा गादीचा, आणि दोघांनाही ते सोयीचं पडलं. दोघांच्या बायकांचं जाणं-येणं मात्र आधी सुरू झालं, असं नंतर कळलं. त्यांनी कुणाची वाट पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात जुन्या कंपनीतून फोन आला. ठकीच्या जागेवरचा माणूस नोकरी सोडून गेला होता, परत येता का, असं विचारत होते. ऑफिस नवं होतं, हुद्दा वरचा होता. ठकीने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि नम्रपणे नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःलाच नवल वाटलं, विचारही करावा लागला नव्हता.

आई भाजी निवडत होती. "जुनं ऑफिस होतं ना?"

"हो. बोलावतायत."

"मग?"

"नाही म्हटलं."

आता व्याख्यान येणार, म्हणून ठकी तयार राहिली. आई देठं वेगळी करत राहिली. मग म्हणाली, "मग तू आत कामाला बसलीस की दार लावून घेत जा. कोण आलं, कोण गेलं, मी बघते. आणि कपड्यांसाठी मी हाक नाही मारणार."

"तू? नाही मारणार?"

"पाऊस आला तर मारीन," आई म्हणाली.

ठकी खोलीत गेली, दार लावलं आणि कामाला बसली. थोड्या वेळाने बाहेर बेल वाजली, शेजारणीचा आवाज आला. आई तिला दारातच अडवून हळू आवाजात सांगत होती, "आत्ता नको, ती कामावर गेलीय."