बाहीच्या नमुन्यामागची गणितं

"सर, कॉम्प्युटर काहीही न करता दमतो का?"

हा प्रश्न भर वर्गात विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. मागच्या वर्षीची मी असते तर बाकाखाली तोंड लपवलं असतं. या वर्षी ताठ उभी राहिले. वर्ग खो खो हसला. कॉम्प्युटरचे सर मात्र हसले नाहीत.

"दमतोय ना? मग काहीतरी करतोय. तुला न सांगता." आणि कोण किती ताकद खातंय हे कॉम्प्युटरमध्ये कुठे बघायचं, ते त्यांनी फळ्यावर लिहूनच दिलं.

पैज गमतीची होती, पण दमणारा लॅपटॉप खरा होता. आईचा. आई घरी कपडे शिवते. एका साइटवर कटिंगचे नमुने फुकट मिळतात, वर जाहिरातींची कटकट नाही, म्हणून ती सकाळी नमुना उघडते आणि दिवसभर समोर ठेवून कापते. दुपारपर्यंत लॅपटॉपचा पंखा असा घोंघावतो की शिलाई मशीनने लाजावं! आईला वाटायचं, शेजारच्या इस्त्रीची झळ लागते. तिने इस्त्री लांब नेली, खाली लाकडी पट्ट्या ठेवल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी बाबांनी निकाल दिला, "म्हातारा झाला बिचारा. रविवारी भंगारात देऊन टाकू."

 पण तो आईने स्वतःच्या पहिल्या कमाईतून घेतला होता. त्या दिवसापासून ती त्याला उगाचच पुसत बसायची.

घरी आल्याबरोबर मी दप्तर फेकलं आणि सरांनी सांगितलं तिथे बघितलं. जवळजवळ सगळी ताकद ते नमुन्याचं पान खात होतं. एक बाही दाखवायला एवढी? मी पान बंद केलं. पंखा हळूहळू निवला. पुन्हा उघडलं. घों घों घों! अंगावर सर्रकन काटा आला.

आई नमुना नेहमी मोठा करून बघते, त्यामुळे ती पानाच्या तळाशी कधी गेलीच नव्हती. मी गेले. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: आम्ही जाहिराती दाखवत नाही. त्याऐवजी तुमचा कॉम्प्युटर आमच्यासाठी गणितं सोडवतो आणि त्यातून आम्हाला डिजिटल नाणी मिळतात.

"आई! तुझा लॅपटॉप गणितं सोडवतोय!"

"हा? अगं, मला धड भागाकार येत नाही."

"आणि एकटा नाही गं! आत्ता जिथे जिथे कुणी बाही कापतंय, तिथला तिथला कॉम्प्युटर याच्याबरोबर त्याच गणितांना भिडलाय. एकमेकांना न ओळखता!"

माझा आरडाओरडा ऐकून बाबाही आले. आईने कात्री खाली ठेवली आणि गरम लॅपटॉपवर तळवा टेकवला. "एवढं सगळं माझ्या टेबलावर?" ती कुजबुजली. आम्ही तिघं नुसते ऐकत उभे राहिलो. तोच पंखा, पण आता दूर कुठेतरी प्रचंड गर्दी चालल्यासारखा वाटत होता.

बाबा आधी भानावर आले. "वीज आपली, लॅपटॉप आपला, नाणी त्यांची. आयजीच्या जिवावर बायजी उदार!"

"नमुने दिलेच की त्यांनी," आई म्हणाली. "पण आधी विचारायचं तरी. मी काय नाही म्हटलं असतं?"

मी घसा खाकरला.

"ऐका दोघंही. रविवारी हा लॅपटॉप कुठेही जाणार नाही. नमुना उतरवून घ्यायचा आणि पान बंद करायचं, एवढंच औषध आहे. आणि पुढच्या वर्षी मी कॉम्प्युटर हाच विषय घेणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय."