पत्र्यावरच्या ताटातली धूळ

आमच्या ह्यांना संशय यायला कारण लागत नाही. पोस्टमन जरा जास्त हसला तरी म्हणतात, "शालन, ह्याच्या मनात कायतरी हाय."

वराळे गावची तेजल पुण्यात संशोधन करते. क्रशरची धूळ हवी म्हणून आंदर मावळात येऊन तिनं आमच्या पत्र्यावर एक स्टीलचं ताट ठेवलं. खडी क्रशर बाजीरावाचा, टेकडीमागं. त्या धुळीनं माझा खोकला हटत नव्हता. एक मेच्या ग्रामसभेत क्रशर बंद करायचा ठराव येणार होता, आणि धूळ गावात येतच नाही, हे बाजीरावाचं पालुपद.

"धुळीचं काय करनार?" ह्यांनी तिला विचारलं.

"ध्रुवाकडं विमानांच्याही वर ढग होतात, काका. तिथं मरणाची थंडी, पण नुसत्या थंडीनं बर्फ लवकर धरत नाही. दगडाची बारीक धूळ असली की धरतो. दुधाला विरजण लागतं ना, तसं. पण हे ढग..."

पुढचं ऐकायला हे थांबलेच नाहीत. आत येऊन मला म्हणाले, "बाजीरावाचीच मानूस हाय. सभेत सांगंल, धुळीनं ढग येत्यात. मग समदं गाव क्रशरची आरती करंल!"

मी मात्र चहा देताना सगळं ऐकलं. ते ढग पाऊस देत नाहीत, उलट कडक उन्हापासून आपल्याला राखणारा हवेचा थर खातात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला बी गुंडाळलं व्हय!"

काही दिवसांनी तेजल ताट घेऊन गेली.

सभेला तीही आली, तेव्हा ताटात काय सापडलं ते सगळ्यांनी तिलाच विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "दगडाची धूळ मिळेल वाटलं होतं. ताटात नुसती राख होती."

"ऐका!" बाजीराव ओरडला. "भाताच्या रोपासाठी पालापाचोळ्याचा राब ह्येंनीच भाजायचा, आन खोकला आमच्या नावावर!"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. कान लाल झाले होते. मला सगळं उमगलं आणि असा संताप आला की काय सांगू.

हे उठले. "ताट मीच पुसलं. राबाची राख मीच टाकली त्यात."

ठराव वाचवायला हे खोटं बोलतायत असं वाटून सभा खदाखदा हसली. तेजल हसली नाही. ती माझ्याजवळ आली.

"मावशी, खरं सांगा. काकांना असं बोलायला कुणी शिकवलं?"

मी तोंड उघडलं, पण खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. तोवर ठरावाविरुद्ध हात वर झाले होते.