तांदूळ कोरडे निघाले

मित्रांनो, मी एक जुना पितळी गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या आहे, आणि एका जागी बसणं काय असतं ते मला ठाऊक नाही. वरोऱ्याच्या एका तांबटाने मला ठोकून आकार दिला. माझ्यासोबतचे गडवे आहेरात जाऊन फळीवर सुखाने बसले. मला आरमोरीकडच्या सुगंधाबाईने घेतलं आणि माझी पायपीट सुरू झाली.

तिला घासागणिक घोट लागे. धानाच्या रोवणीला, कीर्तनाला, मयतीला मी तिच्या काखेत. पाणी संपत आलं की माझा जीव घाबरा होई, कारण मग तिची जीभ टाळूला चिकटे. डोळ्यांत वाळू खुपे, गाल सुजत. वैद्य म्हणाले उष्णता, सासू म्हणाली नखरे. नवरा लटारू तेवढा मला भरून आणत असे.

मग शेजारच्या कमळाचे चांदीचे वाळे चोरीला गेले.

त्या गावात चोर शोधायची रीत सोपी होती. पंच मुखरूभाऊ साऱ्यांना चिमूटभर तांदूळ चावायला देत. भीतीने तोंड सुकतं, म्हणून ज्याचे तांदूळ कोरडे निघाले तो चोर. मला बाहेर ठेवायला लावलं. बाकीच्यांनी ओला लगदा थुंकला. सुगंधाबाईच्या तोंडातून पीठ उडालं.

"वाळे कुठी ठेवले, बाई?"

"मी नाई घेतले, मुखरूभाऊ."

"मंग तोंड काऊन सुकलं? अन् डोळ्यात टिपूस बी नाई!"

निवाडा झाला: वाळे परत करेपर्यंत विहीर बंद. पाण्याशिवाय जिचा घास उतरत नाही तिला नेमकी हीच शिक्षा सुचावी, इतकं ते गाव हुशार होतं.

लटारू नाल्यात झिरा खणून गढूळ पाणी माझ्यात भरू लागला. गाळ बुडाशी बसे, पण मी कसला बसतोय! तिचे डोळे लालभडक झाले, तेव्हा त्याने तिला चांद्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर इंदुताईंनी आधी लघवीतली साखर तपासली. नव्हती. मग त्यांची नजर माझ्यावर गेली.

"हा नेहमी सोबत असतो?"

"याच्याबिगर घास नाई उतरत."

"रडू येतं का?"

"येते. पानी नाई येत."

इंदुताई लिहिता लिहिता थांबल्या. टीपकागदाच्या पट्ट्या कापून त्यांनी एक तिच्या खालच्या पापणीत अडकवली, एक लटारूच्या. त्याची भिजली. तिची कोरडीच राहिली.

"लाळ आणि आसवं करणाऱ्या ग्रंथींवर आपलंच शरीर उलटतं," त्या म्हणाल्या. "याला स्योग्रेनचा आजार म्हणतात. पूर्ण बरा होत नाही, पण सांभाळता येतो. घोट घोट पाणी प्या, दात जपा, डोळ्यांत हे थेंब घाला."

सुगंधाबाईने एवढंच विचारलं, "म्हंजे मी चोर नाई ना?"

"चोरी मला तपासता येत नाही. पण तुमचे तांदूळ घरी बसून चावले तरी कोरडेच निघतील."

गावी परतल्यावर लटारूने उरलेल्या पट्ट्या पंचांपुढे ठेवल्या आणि डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. मुखरूभाऊ हसले, "कागदानं चोर सुटते का?"

"तुमी लावून तर पाहा, भाऊ."

त्यांनी लावली. पट्टी चिंब भिजली.

"अरे, पंच रडून राह्यले!" मागून कोणीतरी ओरडलं.

सुगंधाबाईची पट्टी साऱ्या गावासमोर कोरडी राहिली. मुखरूभाऊ दोन्ही पट्ट्या बराच वेळ उलटसुलट करत बसले. निवाडा फिरवायची रीत त्यांना कोणी शिकवली नव्हती. शेवटी कमळाच उठली. जिचे वाळे गेले तीच. तिने मला उचललं, विहिरीवर नेऊन काठोकाठ भरलं आणि सुगंधाबाईच्या हाती दिलं.

"पी, बाई. माह्या वाळ्यापायी तुहा जीव नको जावाले."

विहीर उघडली. वाळे मात्र सापडले नाहीत. खऱ्या चोराने तांदूळ चांगले ओले करून थुंकले होते, आणि रीतीप्रमाणे तो निर्दोष होता.

मी अजून काखेतच हिंदकळतो. मित्रांनो, कोणाचं तोंड सुकलेलं दिसलं तर आधी पाणी विचारा. जाब नंतरही विचारता येतो.