खोडलेली ओळ

धाकटीने लिहायचं आणि मी बाबांना वाचून दाखवायचं, ही आमच्या घरातली वाटणी. म्हणजे कौतुक तिचं, घसा माझा.

बाबांची नजर आता अक्षरांवर ठरत नाही. युरोपातल्या भाषांचा त्यांचा शब्दकोश अर्ध्यावर आला आहे, आणि पुढचं काम आम्हा दोघी बहिणींपैकी एकीकडे सोपवायचं त्यांनी ठरवलं होतं. दोघींनी एकेका शब्दावर एक पान लिहायचं; जिचं पान पसंत पडेल, तिला खिडकीजवळची त्यांची खुर्ची. माझं पान परवाच वाचून झालं. बाबा "ठीक आहे" म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.

आज तिचा शब्द होता, 'सोल'. एवढासा शब्द, पण तिने पानभर लिहिलं होतं. स्पॅनिशमध्ये सोल म्हणजे सूर्य. स्वीडिशमध्येही सूर्यच. फ्रेंचमध्ये जमीन. स्लोव्हेनियनमध्ये मीठ. आणि मग शेवटची ओळ: "किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना ऊन, जमीन आणि तिच्यावर सुकून उरलेलं मीठ ही एकच गोष्ट वाटली असावी, म्हणून तिघांना एकच नाव मिळालं."

साफ चूक! मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती ओळ मी मुद्दाम सावकाश वाचली, एकही अक्षर बाबांच्या कानांवरून निसटू नये म्हणून.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "वा! वा गं पोरी!"

मी या घरात इतकी वर्षं शब्द तपासते आहे. मला 'वा' कधी मिळाला नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"बाबा, चुकलंय ते. सूर्याचं मूळ वेगळं, जमिनीचं वेगळं, मिठाचं तिसरंच. स्पॅनिश आणि स्वीडिश तेवढे लांबचे चुलतभाऊ. बाकी कुणाचा कुणाशी संबंध नाही."

"माहीत आहे गं मला."

"मग 'वा' कशाला?"

"खरं असतं तर किती छान झालं असतं, म्हणून."

आमचं बोलणं ऐकून धाकटी ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिने पान पाहिलं आणि जीभ चावली. "ताई, वाचवलंस बाई! छापून आलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं माझ्या." माझीच पेन्सिल घेऊन तिने ती ओळ गिचमिड खोडली. चिडली असती, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण बाईसाहेब हसत होत्या.

बाबा खुर्चीवरून उठले. "थोरलीने बसायचं इथे. कोशात चूक जाता कामा नये."

धाकटीने टाळ्या वाजवल्या आणि मला ओढत नेऊन खुर्चीत बसवलं. बैठक अजून बाबांमुळे उबदार होती. मी जिंकले होते. बाबा आणखी काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहत राहिले.

ते पलंगावर आडवे झाले, डोळे मिटले.

"ती ओळ वाच ना परत."

"कुठली?"

"खोडलेली."

पेन्सिलीच्या रेघांखाली एकही अक्षर दिसत नव्हतं. पण मी ती ओळ घडाघडा म्हणून दाखवली. परवाच्या माझ्या पानावरची मात्र एकही मला आठवत नव्हती.