बारूदपेटीची जळकी कड

मित्रांनो, माझ्या झाकणाची ही जळकी कड पाहून हळहळू नका. मी एक जुनी पाइनची पेटी आहे, आणि या कडेसाठी मी देवाचे रोज आभार मानते.

केंटकीच्या डोंगरात ऑर्व्हिल स्टॅम्परने मला भजन गुणगुणत घडवले. हरणांच्या शिकारीसाठी तो काडतुसे घरीच भरायचा: रिकाम्या पुंगळीत ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून बारूद, वर गोळी. बारूदीचे डबे माझ्या पोटात असत. माझ्या फळ्या जाड, सांधे मात्र जुन्या रीतीप्रमाणे हलके. "ही आमची देवाची कोठी, हिच्यामुळे घरात अन्न येतं," असे तो पाहुण्यांना सांगे, आणि मी फुलून जाई.

पुढे म्हातारपणी नवरा-बायको गावात, व्हर्नाबाईंच्या माडीवर भाड्याने आले. तिथे ऑर्व्हिलने रबरी कडेचा एक लष्करी लोखंडी डबा आणला. सारी बारूद त्यात गेली. माझ्यात जुने मोजे आले. घरमालकिणीला आणि विमावाल्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. कळले तर घर जाईल, ही त्याला धास्ती.

"अहो, झाकून ठेवलेलं दूधसुद्धा उतू जातं," त्याची बायको लोर्ना म्हणायची.

"अगं, लोखंड आहे ते! त्याला काय होतंय?"

"लोखंडाचं नाही, तुमच्या डोक्याचं म्हणतेय मी."

आमच्याकडचे धर्मगुरू उपदेश गाऊन करतात. एका रविवारी ऑर्व्हिल त्यांचे पद घोळवतच घरी आला: 'कोंडशील ते फुटेल रे, उघडशील ते निवेल!' डोक्यावरची हॅटही न काढता त्याने विमा कचेरीच्या रविवारीही चालू असलेल्या क्रमांकावर फोन लावला आणि सगळे सांगून टाकले.

"सांगितलंत ते बरं केलंत," तिकडची बाई म्हणाली. "पण घट्ट लोखंडी डब्यात? अहो, आग लागली तर मोकळी बारूद भडकून जळून जाते. कोंडली की तिचा बाँब होतो. लाकडी पेटी नाही का? तिचे सांधे सुटतात आणि दाब निघून जातो."

"आहे. पण तिच्यात मोजे आहेत."

"मग मोजे काढा, काका!"

व्हर्नाबाईंना त्याने जिन्यातच गाठले. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मेल्या, वरची ठकठक ऐकून मला वाटायचं, तू चोरून दारू गाळतोस! राहा आता, पण नीट राहा."

त्याच हिवाळ्यात व्हर्नाबाईंच्या शेगडीवरची चरबी पेटली. ज्वाळा माडीवर चढल्या. माणसे सगळी बाहेर पडली, मी एकटी आत. खिडकीखालचे बोलणे मला ऐकू येत होते.

"वर बारूद आहे," ऑर्व्हिल ओरडला.

"कशात?" बंबवाल्यांच्या प्रमुखाने विचारले.

"लाकडी पेटीत. काडतुसांच्या टोप्या दुसऱ्या खोलीत."

"बंद लोखंडात असती, तर माझी पोरं आत धाडली नसती मी. घर जळू दिलं असतं. चला रे!"

माझी कड पेटलीच होती, तेवढ्यात पाणी आले. चर्रर्र! त्या गारव्याइतके गोड मला आयुष्यात काही लागले नाही. घर वाचले. जळलेल्या पलंगाची भरपाई विमावाल्यांनी कुरकुर न करता दिली. व्हर्नाबाई अंगणात रडत होत्या आणि हसतही होत्या.

मित्रांनो, घरात धोक्याची वस्तू असेल तर ती तिच्या योग्य जागी ठेवा, आणि ज्यांच्या छपराखाली राहता त्यांना सांगा. मनात कोंडू नका.

बारूद आता माझ्याकडे आहे. लोखंडी डबाही घरातच आहे. त्यात मोजे असतात.